पडवीतलं उचला, नाव सांगू नका

जनीला कुणी कधी मऊ म्हटलं नाही. पेणच्या खाडीकाठी मिठागरावर वाढलेली ती बाई. उन्हात मीठ ओढून हात जसे टणक झाले, तशीच जीभही झाली. लग्न होऊन ती रोह्याजवळच्या वरसे गावात आली. नवरा काळुराम धाटावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. वेगळी चूल मांडली तेव्हा थोरल्या जावेनं, सीताबाईनं, एक जुनं पितळी पातेलं दिलं. दिलं ते दिलं, पण पुढे तीन वर्षं बारसं असो, हळदीकुंकू असो, चार बायका जमल्या की सीताबाईचं सुरू व्हायचं, "जनीकडं भात शिजतो तो माझ्या पातेल्यात हो!"

एक दिवस जनीनं ते पातेलं चिंच लावून लख्ख घासलं, जावेच्या ओट्यावर नेऊन उपडं घातलं आणि पाऊसकाळभर मातीच्या मडक्यात भात रांधला. काळुराम म्हणाला, "हट्टी हायस." ती म्हणाली, "हाय."

रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात दीनामावशीकडे जनी धुण्याभांड्याला जायची. मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू कुटुंबातली. मावशीची मुलं इस्रायलला जाऊन स्थिरावली होती. १९७८ साली मावशी आणि तिचा नवरा सॅमसन, दोघांनीही निघायचं ठरवलं. चाळीस वर्षांचा संसार अंगणात मांडला गेला. शिसवी पलंग, पाळणा, दोन स्टोव्ह, पितळी डबे, शिवणयंत्र, जातं. भंगारवाला आला, त्यानं तराजू टांगला आणि डबे पायानं एका बाजूला सारले.

मावशी दारात उभी होती. म्हणाली, "जने, माझी तीन पोरं या पाळण्यात झोपली. हा मेला त्याचं लाकूड जोखतोय."

"मग नका देऊ त्याला."

"आणि काय करू? बोटीत घालून नेऊ?"

"मला द्या."

"तुझ्या दोन खोल्यांत हे ठेवशील कुठं गो?"

"मी ठेवायची नाय. ज्याला लागंल तो नेईल."

मावशीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग भंगारवाल्याला हातानंच वाट दाखवली. जनीला एवढंच म्हणाली, "माझं नाव नको सांगत बसू."

"तुमचं नाय आन् नेणाऱ्याचंबी नाय."

बैलगाडीच्या तीन खेपा झाल्या. जनीची पडवी छपरापर्यंत भरली. काळुराम शिफ्टवरून परतला, तर त्याला आपल्याच घराचं दार सापडेना. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. बायका येता-जाता तिरक्या डोळ्यांनी बघायच्या आणि पाय उचलायच्या. फुकट घेतलं तर उद्या गावभर होईल, हे भय जनीला नवं नव्हतं. तीही कुणाला हाक मारायला गेली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी शिवा आला. धाटावला नुकताच लागलेला, घाटावरून बायको आणि तान्हं मूल घेऊन आलेला हा पोरगा स्टोव्हपाशी उभा राहिला.

"केवढ्याला?"

"इकायचा नाय."

"मग?"

"तुला लागतो?"

"लागतो."

"मग उचल."

शिवा घुटमळला. "नाव लिहून घ्या. शिवा..."

"मी इचारलं काय तुला नाव?"

तो स्टोव्ह घेऊन गेला. संध्याकाळी पाळणाही घेऊन गेला. पंधरा दिवसांत पडवी रिकामी झाली, आणि महिन्याभरात पुन्हा भरली. धाटावला कंपन्या वाढत होत्या. कुणाची बदली व्हायची, कुणी मुंबईला जायचं, आणि जड सामान जनीच्या दारात उतरायचं.

काळुरामची कुरकुर हळूहळू बंद झाली. सुट्टीच्या दिवशी तो खाटांच्या सुंभाची वीण आवळून द्यायला लागला. कारण जनीचा एक नियम होता. मोडकं घ्यायचं नाही, आणि जे घ्यायचं ते धुऊन-पुसून, ठाकठीक करूनच पडवीत मांडायचं. एकदा कंपनीच्या क्वार्टरमधल्या साहेबांच्या बाईंनी एक गादी पाठवली. कापूस बाहेर आलेला, मध्यभागी ओल. जनीनं ती डोक्यावर घेतली, उन्हातून चालत क्वार्टरला गेली आणि बाईंच्या व्हरांड्यात ठेवली.

"अगं, गरिबांना उपयोगी पडली असती," बाई म्हणाल्या.

"तुमी झोपाल काय हिच्यावर?"

"म्हणजे काय!"

"मग गरिबाची पाठ काय येगळी असते?"

बाईंचं तोंड उतरलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडून दोन नव्याकोऱ्या सतरंज्या आल्या. जनीनं त्या ठेवून घेतल्या, पण आभार मानायला गेली नाही.

१९८४ साली पंचायतीची निवडणूक तोंडावर आली, तेव्हा गावातले पुढारी दाजी पडवीत येऊन बसले. चहाचा कप हातात घेतला, सामानावर नजर फिरवली. म्हणाले, "जनाबाय, मोठं काम करतेस. आपण एक कार्यक्रम करू. मांडव घालू, कर्णा लावू. एकेकाला वर बोलवू, माझ्या हातानं वस्तू देऊ. फोटोवाला आणतो रोह्याहून."

"एकेकाला वर बोलवायचं म्हंजे, नाव घेऊन?"

"नावाबिगर कसं बोलवणार?"

"मग नाय जमायचं, दाजी."

"अगं, तुझाबी सत्कार करू."

"माझ्या पडवीतनं माणूस पातेलं नेतो. मान खाली घालून नाय नेत. तुमच्या मांडवात ती खाली जाईल. नाय जमायचं."

दाजींनी कपातला चहा अर्धा टाकला आणि उठले. आठ दिवसांत पंचायतीचा कागद आला. पडवीत भंगार साठवून रस्त्याला अडथळा आणि गावात घाण. पंधरा दिवसांत रिकामं करावं.

काळुराम घाबरला. "बाजूच्या वाड्यात ठिवू काय?"

"मी चोरी केलीय? मग लपवू कशाला?"

ती त्याच सांजेपासून घरोघर फिरली. शिवाचं घर, सुतार आळीतला मोरू, नदीकडचा रघू, विधवा धोंडुबाई. जिथं जिथं कधी तिच्या पडवीतली वस्तू गेली होती, तिथं. प्रत्येकाला एकच मागणं, "एक-दोन वस्तू तुझ्याकडं ठिव. कुणी माझ्या नावानं आला तर देऊन टाक. इचारू नको कोण ते." एकानंही नाही म्हटलं नाही. सीताबाईच्या दारातही ती गेली. सीताबाईनं माळ्याकडं पाहिलं, म्हणाली, "कपाट ठिव. माळ्याखाली जागा हाय."

पंधराव्या दिवशी ग्रामसेवक वही घेऊन आले. मागोमाग दाजीही. पडवी शेणानं सारवलेली, एक पाट सोडला तर मोकळी. ग्रामसेवकांनी 'रिकामी केली' असं लिहायला घेतलं, तेवढ्यात इंदुबाई नावाची परगावची बाई दारात आली. "जनीबाय इथंच राहतात? लेकीला चूल मांडायचीय."

"सुतार आळी, तिसरं घर. मोरूला सांग, स्टोव्ह दे. आन् येताना धोंडुबाईकडनं दोन पातेली घे."

ग्रामसेवकांची लेखणी थांबली. दाजी म्हणाले, "हे काय चाललंय?"

"तुमी पडवी बघायला आलायत ना? बघा की. माझ्या तोंडाला काय नोटीस नाय आलेली."

ग्रामसेवकांनी मान खाली घालून सही केली, हसू मिशीत दाबत. दाजी निवडून आले ते आलेच. पण तो मांडव काही उभा राहिला नाही, आणि कुणाचाही फोटो निघाला नाही.

त्यानंतर वरसे गावात पस्तीस घरांतून सामान फिरायला लागलं. पेणला जनीची बहीण शकू होती, तिनंही तेच आरंभलं. पेणमध्ये कुणाला लागायचं ते रोह्यात मिळायचं, रोह्यात लागायचं ते पेणला. एकदा पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बाईला बाळ झालं. तिच्यासाठी जनी एक पाळणा घेऊन पेणच्या एसटीत चढायला निघाली. कंडक्टर दारातच आडवा झाला.

"बाय, हे आत नाय घेता येणार."

"मग वर चढवा."

"लाकूडफाटा टपावर नेत नाय आमी."

"लाकूडफाटा?" जनीनं पाळणा रस्त्यातच टेकवला, गाडीच्या तोंडासमोर, आणि त्याच्या दांड्याला धरून उभी राहिली. "तुमी ज्यात झोपलात त्याला लाकूडफाटा म्हणता?"

गाडीतली माणसं हसायला लागली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कंडक्टरनं डोक्यावरची टोपी मागं सारली, शिडीनं टपावर चढला आणि वरून दोन्ही हात खाली केले.

"द्या वर," तो म्हणाला. "पण नीट उचला, सरळ."