रस्त्याचे तीन मीटर आणि साळवे साहेब

साळवे साहेबांची माझी पहिली भेट आमच्या फाटकात झाली. बीड बायपासच्या पलीकडे आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. एक गृहस्थ हातात फीत घेऊन आमचे फाटक मोजत होते. महापालिकेचा माणूस असेल, या भीतीने मी त्यांना आत बोलावून चहा दिला, वर चिवडाही दिला. सगळे संपवून ते म्हणाले, "बाई, मी तिसऱ्या घरातला. तुमच्यासारखं फाटक करायचंय मला, म्हणून मोजलं." ते भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते, हे मला मागाहून कळले.

साहेबांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी कार्य, मूल्ये आणि व्यक्तिगत स्नेह अशा तीन अंगांनी लिहायला सांगितले आहे. माझी पंचाईत अशी की साहेबांचे हे तिन्ही गुण मला एकाच प्रकरणात दिसले, आणि ते प्रकरण मला अजून नीट उमगलेले नाही. मुलांना तीस वर्षे निबंध शिकवले, पण या निबंधाचा समारोप मला सुचत नाही.

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी मोकळी जागा होती. तिथे अकरा मजली इमारत येणार अशी नोटीस लागली आणि सगळ्यांची झोप उडाली. रस्ता आधीच तुंबलेला. शाळेच्या गाड्या सुटल्या की रिक्षावाला आत यायला नाही म्हणायचा. माझ्या यजमानांना अर्धांगवायू झालेला. दर आठवड्याला त्यांना दवाखान्यात न्यायचे म्हणजे निम्मा जीव कोपऱ्यावरच जायचा. त्यात आणखी शंभरेक गाड्या आल्या तर हे घराबाहेर कसे पडणार, हीच माझी धास्ती होती.

मी कॉलनीच्या समितीची सचिव. हरकती लिहून घेतल्या त्या साहेबांकडून. अक्षर मोत्यासारखे, आणि मुद्दा एकच पण बिनतोड: एवढ्या उंच इमारतीला बारा मीटरचा रस्ता लागतो, आमचा भरतो नऊच. आम्ही त्यांनाच प्रतिनिधी नेमून महापालिकेतल्या सुनावणीला नेले.

अधिकाऱ्यांनी विचारले, "जागेवर रस्ता किती आहे?"

साहेब उठले. "नऊ मीटर हाये साहेब."

आम्ही एकमेकांकडे पाहून मान डोलावली. पण साहेब खाली बसेनात.

"नकाशात बारा हाये. बाकीचे तीन मीटर आमच्याच आवारात हायेत. कुणाची बाग हाये, कुणाचा ओटा. माझी सोताची भिंत दीड हात पुढं हाये. जल्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या, घरी कधी फीत लावली नाय. काल लावली."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इमारतीला परवानगी मिळाली आणि आमच्या भिंतींना नोटिसा आल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. मला इतका संताप आला होता की दोन महिने मी त्यांच्या नमस्काराला उत्तर दिले नाही. आज हे छापून येते आहे याची मला लाज वाटते, पण खरे ते खरे.

पाडापाडीत पहिली भिंत त्यांची गेली, स्वतः मजूर लावून पाडलेली. सीताफळाचे भरात आलेले झाड त्यांनी तोडू दिले. माझ्या दारातला यजमानांच्या चाकाच्या खुर्चीचा उतार सगळाच्या सगळा रस्त्यात होता. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब गवंडी घेऊन आले. मी दार लावून घेतले. बाहेरून आवाज आला, "बाई, माझ्याशी बोलू नका. पर बाजूनं उतार निघतोय, तेवढा करू द्या." तीन दिवस ते उन्हात उभे राहिले आणि बागेतून वळवून असा उतार करून घेतला की आता मी एकटी यांना बाहेर नेऊ शकते. रागावलेल्या माणसाने अशा वेळी काय करावे? मी चहा दिला. बोलले मात्र नाही.

आता इमारत उभी आहे. रस्ता रुंद झाला आणि रुंद झाला म्हणून दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या. कोपऱ्यावर पूर्वीइतकाच वेळ जातो, कधी कमी, कधी जास्त. इमारतीतली माणसे वाईट असती तर राग तरी धरता आला असता. चौथ्या मजल्यावरचे सिल्लोडचे कुटुंब ईदेला यांच्यासाठी बिनसाखरेचा शीरखुर्मा वेगळा पाठवते. मग मी कोणाविरुद्ध हरकत घेतली होती?

परवा मी साहेबांना सरळच विचारले, "नऊ सांगून खाली बसला असता तर काय बिघडलं असतं?"

ते म्हणाले, "ते मला बी उमगलं नाय, बाई. बिल्डिंग दिसली की वाटतं, गप बसायला पायजे होतं. तुम्ही तुमच्या साहेबांची खुर्ची ढकलत निघाल्या की वाटतं, तुम्हाला तरी आधी सांगायला पायजे होतं. ते चुकलंच माझं. पर खोटं कसं सांगावं, ते काय जमंना."

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीत दुसऱ्या इमारतीची नोटीस लागली. बैठक भरली. सुनावणीला कोण जाणार, असा प्रश्न आला आणि सगळे जमिनीकडे पाहू लागले. पेन माझ्या हातात होते. इतिवृत्तात मी साळवे साहेबांचे नाव लिहिले. कोणी हरकत घेतली नाही.

साहेबांना पंचाहत्तरीनिमित्त माझा आणि यजमानांचा नमस्कार. त्यांचे गुडघे, डोळे आणि आवाज शंभरीपर्यंत शाबूत राहोत. सुनावणीत ते या खेपेला काय बोलतील, याची मला धास्ती वाटते. तरी त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणाला पाठवायला माझे मन धजत नाही.