गुणाजी मेस्त्रींच्या खुर्च्या

गुणाजी मेस्त्री सत्तावीस वर्षं परळच्या एका मिलमध्ये सुतारखात्यात होते. ब्याऐंशीच्या संपात मिल बंद पडली ती बंदच राहिली. तेव्हा त्यांचं वय बावन्न. बरोबरचे कोणी गावी गेले, कोणी वॉचमन झाले. गुणाजी साकीनाक्याच्या एका कारखान्यात मालाची खोकी ठोकायला लागले. काम रोजचं होतं, पण खोक्याला रंधा मारायची गरज नसते. घरी आले की बायकोला, रुक्मिणीला म्हणायचे, "हात इसारतले गो काम."

ते जोगेश्वरी पूर्वेला एका चाळीत राहायचे. चाळीच्या उत्सव मंडळाची तळमजल्यावर एक खोली होती. चौऱ्याऐंशी साली त्या खोलीत शुभा नावाच्या एका तरुण फिजिओथेरपिस्टनं मुलांसाठी केंद्र सुरू केलं. सकाळी इस्पितळातली नोकरी करून ती आठवड्यातल्या तीन दुपारी इथे यायची. जन्मताना मेंदूला इजा झालेली, हातापायांवर ताबा नसलेली मुलं आसपासच्या वस्त्यांतून आयांच्या कडेवर बसून येत. शुभा त्यांना खेळवता खेळवता व्यायाम देई. एकदा तिथल्या बाकाचा पाय मोडला म्हणून तिनं गुणाजींना बोलावलं.

पाय बसवताना त्यांचं लक्ष सहा वर्षांच्या राधाकडे गेलं. तिची आई वनमाला तिला खुर्चीत बसवायची आणि ती हळूहळू खाली घसरायची. आई पुन्हा वर ओढायची. असं चार वेळा झालं.

"घरी हिला साडीनं बांधून बसवतात," शुभा म्हणाली.

गुणाजींनी खुर्चीची बैठक हातानं चाचपली. मग म्हणाले, "चुकी खुर्चीची आसा. पोरीची नाय."

त्यांनी खिशातली सुतळी काढली आणि राधाची मापं घेतली. गुडघ्यापासून कमरेपर्यंत एक गाठ, कमरेपासून खांद्यापर्यंत दुसरी. खांदे पुढे यावेत म्हणून पाठीला दोन फळ्या कोनात लागतील आणि घसरू नये म्हणून मांड्यांच्या मध्ये खुंटी लागेल, हे शुभानं समजावलं. कारखान्याच्या मालकाला विचारून त्यांनी मोडक्या खोक्यांचं लाकूड आणलं. पहिली खुर्ची उंच झाली. दुसरीची खुंटी टोचली. तिसऱ्या खुर्चीत राधा बसली आणि बसून राहिली. पुढ्यातल्या फळीवर शुभानं कुरमुरे ठेवले, तर तिनं ते सगळे खाली सांडले आणि खदखदून हसली.

त्यानंतर गुणाजी कारखान्यातून सुटले की थेट केंद्रात यायचे. कोणाला खुर्ची, कोणाला उभं राहायची चौकट. वर्षभरात नऊ मुलांची तीस झाली. पाळी येईपर्यंत आया मुलांना घेऊन चाळीच्या जिन्यात बसू लागल्या.

खोलीला लागून मंडळाची पत्र्याची शेड होती. तिच्यात मांडवाचे बांबू, ताडपत्र्या, सजावटीच्या पेट्या. शुभानं मंडळाचे सेक्रेटरी नंदकिशोर यांच्याकडे शेड मागितली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण अडले.

"ताई, गणपतीचं सामान मी काय उघड्यावर टाकू? लोक मला जोडे मारतील."

गुणाजी तिथेच होते. "नंदकिशोर, गणपती वर्साक धा दिवस येता. ही पोरां रोज येतत."

"ते कळतंय हो काका. पण सामान ठेवू कुठे?"

"छपराखाली. तू फक्त हो म्हण."

पुढचे चार रविवार गुणाजींनी शेडच्या छपराखाली मजबूत माळा घातला. बांबू, ताडपत्र्या, पेट्या सगळं वर गेलं. नंदकिशोर स्वतः शिडीवर चढून दोनदा दाबून बघून आले आणि म्हणाले, "झकास." मग मधली भिंत फोडली. उंबरठा गुणाजींनी कोणाला न विचारता काढून टाकला. मुलांना सरपटत येता-जाता आलं पाहिजे, एवढंच त्यांनी सांगितलं. शेडमध्ये झोपाळा आला, बेताच्या उताराची घसरगुंडी आली, आणि आधार धरून चालायला दोन समांतर दांडे. दांड्यांची उंची त्यांनी राधाच्या मापाची ठेवली होती.

दोन महिने ते रोज तिला त्या दांड्यांत बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "ताई, एकटी कधी चालतली?"

शुभानं हातातलं काम थांबवलं. "मेस्त्रीकाका, ती एकटी नाही चालणार. तिच्या आईला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलंय. तुम्हालाही सांगायला हवं होतं."

गुणाजींनी हत्यारं पिशवीत भरली आणि घरी गेले. पुढचे आठ दिवस ते केंद्राकडे फिरकले नाहीत. आपण केलेलं सगळं फुकट गेलं, असं त्यांनी रुक्मिणीला सांगितलं आणि जेवण अर्ध्यावर सोडलं.

नवव्या दिवशी वनमाला त्यांच्या दारात आली, राधाला कडेवर घेऊन. रुक्मिणीनं चहा टाकला.

"काका, येत का नाही तुम्ही?"

"काय करू येऊन? पोर चालणार नाय म्हणतत."

"मला ठाऊक आहे ते. पण मी काय म्हणते, सहा वर्षं ही बहुतेक वेळ चटईवर पडून छत बघत होती. आता खुर्चीत बसून समोर बघते. मी भाजी निवडते तेव्हा शेंगा ओढते. तिचा बाप कामावरून आला की तिला आधी कळतं, मला नंतर." तिनं राधाचा गुडघा धरून दाखवला. "आणि खुर्ची लहान व्हायला लागलीय. गुडघे वर येतात. म्हणून आले."

गुणाजी उठले. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात सुतळी होती. राधाला भिंतीशी टेकवून त्यांनी मापं घेतली. वर्षात ती तीन बोटं वाढली होती. तसं ते म्हणाले, तेव्हा वनमालाला हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा केंद्रात दिसू लागले. शहाऐंशीत त्यांनी खोक्यांचं काम सोडलं. तोवर केंद्राचा ट्रस्ट झाला होता; विश्वस्तांनी त्यांना नोकरीवर ठेवलं आणि शेडच्या एका कोपऱ्यात त्यांची लाकूड कापायची घोडी कायमची उभी राहिली. त्यांच्या खुर्च्यांची वार्ता पसरली तशी मुलुंडच्या एका केंद्रानं आठ मुलांची मापं टाईप करून, आकृत्या काढून पाठवली. गुणाजींनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि शुभाला परत दिला.

"ताई, कागद बसूचो नाय खुर्चीत. पोरांक घेऊन येवा म्हणून सांगा, नाय तर मी जातंय."

शुभानं तसं कळवलं. मुलुंडच्या लोकांना आठ मुलं आणणं जमेना, म्हणून दर गुरुवारी गुणाजीच तिकडे जाऊ लागले. रुक्मिणी त्यांना डबा बांधून द्यायची. संध्याकाळी परत आले, की कोणतं पोर किती खट्याळ आहे ते जेवताना तिला सांगत बसायचे.