साहेबरावांचा लाल चौकोन

जयमालाला राग आला की ती बोलत नाही, भांडी घासते. त्या सकाळी तिने घासलेलीच कढई पुन्हा घासायला घेतली, कारण समोरच्या खोलीतल्या कुसुमताईंनी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. लावण्याआधी एवढंच म्हणाल्या, "तुझ्या त्या डबीनं आमच्या माणसाच्या हातात झाडू दिला, माय. आता कशाला विचारपूस करायलीस?"

कुसुमताईंचे यजमान साहेबराव जालन्याकडचे. भोसरीत शेखरशेठच्या वर्कशॉपमध्ये लेथवर त्यांची हयात गेली होती. जयमाला तळवड्यातल्या एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहायची. शेठकडे तिच्या कंपनीचं नाव साहेबरावांनीच काढलं होतं, तेही मोठ्या कौतुकानं.

काम तसं साधं होतं. प्रत्येक मशीनवर एक डबी आणि डबीत जयमालाने पायथनमध्ये लिहिलेल्या मोजक्या ओळी. मशीन फिरत असलं की डबी वायफायवरून सारखा निरोप पाठवणार, 'चालू आहे'. तळवड्यातला दुसरा प्रोग्राम तो घेऊन शेठच्या मोबाइलवर हिरवा चौकोन दाखवणार. निरोप पोचला की नाही, याची डबीला फिकीर नव्हती. पाठवला की तिचं काम संपलं. पोच मागायची सोय करू, असं जयमाला म्हणाली होती. निदान निरोप आला नाही तर 'माहिती नाही' असा करडा चौकोन तरी दाखवू. तिचा साहेब निरंजन हसला. "करडं कोण विकत घेतं? निरोप नाही म्हणजे मशीन बंद. लाल कर." चाचणीही त्याने पाठवणारा आणि घेणारा प्रोग्राम एकाच लॅपटॉपवर ठेवून उरकली. आपणच बोलायचं नि आपणच ऐकायचं, मग निरोप हरवेल कशाला?

कढई चकचकीत झाली, पण राग उतरला नाही. जयमाला रजा टाकून, लॅपटॉप घेऊन थेट वर्कशॉपवर गेली. साहेबराव एका कोपऱ्यात लोखंडाचा कीस झाडत होते. त्यांच्या लेथवर प्रीतम नावाचा नवा कामगार होता. साहेबराव मशीन बंद ठेवून झोपा काढतात, असं शेठने सगळ्यांसमोर सुनावून परवाच त्याला तिथे बसवलं होतं.

"बघा मॅडम, मानूस बदलला तर कसं हिरवं हाय," शेठ मोबाइल पुढे करून म्हणाला.

तेवढ्यात मालाची गाडी लागली. वायफायचा राउटर आणि तो लेथ यांच्या मधोमध एक मोठा रॅक होता. परवापासून तो रिकामाच होता. आता कामगारांनी लोखंडी गजांनी तो वरपर्यंत भरला आणि शेठच्या मोबाइलवर चौकोन लाल झाला.

"प्रीतम, मशीन का बंद केलं रं?" शेठ ओरडला. लेथ त्याच्या पुढ्यात गरगरत होता.

मग मात्र जयमालाचा तोल सुटला. "मोबाइल खिशात घाला शेठ, आणि समोर बघा. रॅक भरला की निरोप अडतो. म्हणजे माल आला, काम वाढलं, की साहेबरावकाकांचं लाल. ज्या दिवशी हा माणूस सगळ्यात जास्त राबला, त्या दिवशी तुम्ही त्याला झोपाळू ठरवलंत. पेट्या भरभरून सुटे भाग गेले, ते कोणी केले?"

"आता माझ्यावर कशापायी डाफरताय? लाल तुमीच दावलं न्हवं?"

"दाखवलं. खोटं दाखवलं. पण भरलेल्या पेट्या तर तुमच्या डोळ्यांसमोर होत्या."

भांडण ऐकायला कामगारांनी सगळी मशीनं थांबवली होती. तिने तिथेच लॅपटॉप उघडून निरंजनला फोन लावला. "लाल काढतेय. निरोप आला नाही तर करडं दिसेल, सगळ्या वर्कशॉपमध्ये." तो उद्याच्या नव्या गिऱ्हाइकाचं काहीतरी सांगू लागला. तिने फोन कापला आणि ती ओळ बदलली. शेठने एकदा कामगारांकडे पाहिलं, मान खाजवली आणि पुटपुटला, "साहेबराव, जावा मशीनवर."

जयमाला लेथपाशी गेली. आता काका पाठीवर हात ठेवतील, असं तिला वाटत होतं. साहेबरावांनी हात पुसले. त्यांचा आवाज अगदी खाली होता.

"लाल तुला बी दिसत व्हतं ना, तिकडं हापिसात?"

"हो."

"इतके दिस?"

"हो, काका."

"समोर तर ऱ्हाती तू. एकदा तरी इचारायचं व्हतंस, मशीन का बंद ऱ्हायलंय म्हणून."

त्यांनी लेथ चालू केला आणि पाठ फिरवली. न विचारण्याचं कारण जयमालाला पक्कं ठाऊक होतं. तो लाल चौकोन बघून तिलाही वाटलं होतं, काका आता कामचुकारपणा करायला लागले.