विमानाचा टेम्पो

जुन्या विमानातल्या सीट काढल्या की खाली काय काय सापडतं! कानातलं, पेनांची टोपणं, एकदा तर अख्खी कवळी. आमच्या ऑफिसचंही तसंच आहे. काम चालू होतं तोवर काही जाणवलं नाही, आता जरा टेकलोय तर प्रत्येक खुर्चीखाली एक किस्सा निघतो.

आमचं काम म्हणजे छोट्या शहरांना जाणारी, पंख्याची विमानं घ्यायची, सीट काढायच्या, खिडक्या बुजवायच्या, मोठा दरवाजा बसवायचा आणि मालवाहू करून सोडायची. हँगर नागपूरला, ड्रॉइंगचं ऑफिस ठाण्यात, माजिवड्याला. पहिलं विमान पास झालं तर पुढची तीन मिळणार, नाहीतर ऑफिसला टाळं. हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं.

\* \* \*

माझं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलीकडचे कल्याणला आमच्या घरी आलेले. होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "नक्की काय करता तुम्ही?"

मी रंगात आलो. कागद घेतला, विमान काढलं, दरवाजा दाखवला, आतली जमीन किती वजन पेलते तेही सांगितलं. वीस मिनिटं बोललो. पोहे गार झाले.

सासऱ्यांनी शांतपणे ऐकलं आणि मुलीला म्हणाले, "बसचा टेम्पो करतात ना, तसं. फक्त वर उडतो."

लग्न झालं. आणि हे मी ऑफिसात सांगितलं त्या दिवसापासून तिथे कोणी विमान म्हणतच नाही. "टेम्पो कुठवर आला?" एवढंच.

\* \* \*

आमच्यात सगळ्यात हुशार हर्षदा. चेंदणी कोळीवाड्यातली. पर्मनंट नोकरी सोडून इथे आलेली, त्यामुळे टाळं लागायची धास्ती तिला सगळ्यात जास्त. तिच्याकडे जाळ्याचं काम होतं. मालवाहू विमानात सामान आणि पायलट यांच्यामध्ये जाडजूड जाळं लावतात. जोरात ब्रेक लागला तरी खोकी पुढे जाऊन पायलटच्या पाठीत बसू नयेत म्हणून.

तिने दोन महिने खपून जाळं केलं. पट्टे, हुक, ताण, सगळा हिशेब चोख. रविवारी कौतुकाने वडिलांना लॅपटॉपवर दाखवलं. त्यांचं आयुष्य खाडीत जाळी टाकण्यात गेलेलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "बाय, पायलट कंच्या बाजूला?"

"पुढच्या."

"आन् चढायची शिडी?"

"मागे."

"मंग त्यो जाल्यातून जानार कसा? जाल्याला तोंडच नाय ठेवलं तू."

सोमवारी सकाळी हर्षदा सगळ्यांच्या आधी ऑफिसात हजर. दुपारपर्यंत जाळ्याला तोंड होतं. मी विचारलं तर म्हणाली, "रिव्हिजन आहे. सीनियरने सुचवली."

\* \* \*

आता आमचे साठे सर. राहणार नौपाडा, उभं आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलेलं. त्यांचा एकच नियम: विमानापाशी जे नेलं ते मोजून नेलं आणि मोजून परत आणलं. पाना, स्क्रू, चष्म्याचं घर, सगळं रजिस्टरमध्ये. विसरलेला बारीकसा तुकडा इंजिनाने ओढला की खेळ खल्लास.

एकदा माझी पेन्सिल कमी भरली. सरांनी काम थांबवलं. आठ माणसं दीड तास विमानात रांगत होती. शेवटी सर माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपण कृपा करून कान चाचपून पाहाल का?"

कानावरच होती. सरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं: "सापडली. ठिकाण: उजवा कान."

\* \* \*

मग तो दिवस आला. आम्ही सगळे नागपूरला. पहिलं उड्डाण, तपासणी अधिकारी हजर, आणि चार वाजता त्यांना परत निघायचं होतं. आज टेम्पो उडाला नाही तर पुढची तारीख कधी, कोणालाच माहीत नव्हतं.

तीनच्या सुमारास हर्षदाने पिशवीतून नारळ काढला. "सर, आईने दिलाय. आमच्याकडे नवी होडी नारळाशिवाय पाण्यात सोडत नाहीत."

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण शेवटी तेही विरघळले. हँगरबाहेर लांब, ताडपत्री अंथरून, आणि प्रत्येक तुकडा मोजायचा, या अटीवर.

हर्षदाने फोडला. सरांनी स्वतः तुकडे गोळा केले आणि करवंटी जुळवायला बसले. जुळत आली, जुळत आली, आणि एका जागी अंगठ्याएवढं भोक राहिलं.

"एक तुकडा कमी आहे," सर म्हणाले. "तो सापडेपर्यंत विमान हलणार नाही."

सव्वातीन. साडेतीन. आम्ही सगळे उन्हात गुडघ्यांवर. अधिकारी घड्याळाकडे बघतायत. हर्षदाच्या डोळ्यांत पाणी. "मीच आणला रे. कशाला आणला मी?" मला तर तेव्हा माजिवड्याच्या शटरवरचं कुलूपच दिसायला लागलं होतं.

पावणेचारला सरांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. रुमालाला गाठ होती. सर गाठीकडे बघत राहिले. आम्ही सरांकडे.

हर्षदाने हात पुढे केला. सरांनी गाठ सोडली. तिने तुकडा भोकात बसवला. नेमका बसला.

"घरी, काकूंसाठी?" तिने हळूच विचारलं.

"प्रसाद म्हणून," सर म्हणाले. "सवयीनं."

चारला पाच कमी असताना आमचा टेम्पो उडाला! आम्ही नाचलो, हर्षदा रडली, अधिकाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. सर तेवढे कोपऱ्यात बसून रजिस्टर भरत होते. ते पान आम्ही ऑफिसात फ्रेम करून लावलंय. सरांचं वळणदार अक्षर:

"हरवलेला तुकडा सापडला. नौपाड्याला निघाला होता."