पटत असंल तर बसा

मन्मथअप्पांच्या मोटारीत बसण्यापूर्वी प्रत्येकाला तिचे दोष उभ्याने ऐकून घ्यावे लागत. पूजेआधी संकल्प सोडावा तितक्या गांभीर्याने अप्पा दाराशी उभे राहत, हात जोडत आणि सांगू लागत, "डाव्या अंगाचं दार आतून उघडत न्हाई. काच एकदा खाली गेली की वर येत न्हाई. चढ लागला तर उतरून चालावं लागंल. आन् पाणी लई पिती. पटत असंल तर बसा." बसणारा घाईत असो वा आजारी, या पाठातील एकही वाक्य गाळले जात नसे. नेहमीच्या माणसांना तो तोंडपाठ झाला होता. अप्पांना त्याचे काही वाटत नसे. "ऐकलेलं असंल. पर आज सांगितलं न्हाई ना," एवढेच ते म्हणत.

मी त्या काळी औशाच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि तेथून काही कोसांवरील खडकवाडी या माझ्या गावी राहत असे. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अप्पांचे किराणा दुकान होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करंडकातील इष्टलिंग, अंगात धुवट पांढरा सदरा, आणि तराजूकडे पाहताना किंचित मिटलेले डोळे, असे त्यांचे रूप माझ्या स्मरणात आहे. पहाटे इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय ते पाणीही घेत नसत. पूजा आटोपली की उरलेली विभूती तीन बोटांनी मोटारीच्या नाकावर ओढत.

ही मोटार त्यांच्या घरी आली ती अनपेक्षितपणे. थोरल्या मुलासाठी स्थळ पाहायला अप्पा उदगीरला गेले होते. ते स्थळ जमले नाही. परंतु तेथील एका वकिलाच्या अंगणात ही निळी मोटार उभी होती. कोणत्या कारखान्याची, हे सांगणारी पट्टी तिच्यावरून केव्हाच गळून पडली होती. वकिलांनी तिची अशी काही स्तुती केली की अप्पा संध्याकाळी तीच घेऊन परतले, म्हणजे निलंग्याच्या वाटेपर्यंत तीत बसून आणि तेथून पुढे दुसऱ्याच्या बैलांमागे. शिवम्मा, म्हणजे अप्पांच्या पत्नी, दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्या मोटारीकडे पाहून म्हणाल्या, "सून बगायला गेलते आन् सवत घेऊन आले."

मुलांनी ती विकून टाकण्याचा आग्रह पुष्कळ केला. अप्पांचे उत्तर ठरलेले असे. "विकायची म्हणजे घेणाऱ्याला समदं सांगावं लागंल. सांगितलं तर कोण घेतंय? आन् न सांगता विकली, तर त्या वकिलात आन् माझ्यात काय फरक राहिला?" माझ्या समजुतीप्रमाणे तो दोषांचा पाठ या वाक्यातून जन्मला होता. फसवले गेलेले पुष्कळ लोक पुढे इतरांना फसवू लागतात. अप्पांनी उलट मार्ग धरला. यंत्राविषयी त्यांना काहीच कळत नसे. झाकण उघडले की देवळाचा दरवाजा उघडल्यासारखे ते दोन पावले मागे सरत. पण तिचे जे जे बिघडे ते ते मात्र ते त्या पाठात नेमाने जोडीत.

लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा होऊन तेव्हा थोडीच वर्षे लोटली होती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत, कागद गोणपाटांत बांधलेले असत आणि साहेब लोकांपुरत्या सरकारी जीपगाड्या नसत. त्यातच पावसाने सलग पाठ फिरवली. विहिरींनी तळ दाखवला आणि पाहणीचे दौरे सुरू झाले. मोटार कोणाकडे आहे याचा शोध घेत एक कारकून औशाला आला. अप्पांनी त्यालाही सर्व दोष ऐकवले. तो हसून म्हणाला, "अप्पा, चाकं हायत ना चार? मग झालं." अशा रीतीने ती मोटार सरकारी कामाला लागली आणि तिच्यासोबत, सारथी म्हणून, अप्पाही. दुकान मुलांकडे गेले.

या मोटारीच्या पोटातील पाणी गळत असे. दर चार गावांनी ती वाफ सोडून थांबे आणि घागरभर पाणी प्यायल्यावाचून हलत नसे. दुष्काळात याचा परिणाम विलक्षण झाला. साहेब एखाद्या गावावरून नुसते पुढे निघालेले असत, आणि वेशीतच मोटार बंद पडे. पाणी मागावे तर गावात पाणी नसे. मग कोणी बाई नदीच्या पात्रातल्या झिऱ्यावर जाई, वाटीवाटीने घागर भरी आणि उन्हातून ती डोक्यावर आणी. तोवर साहेब लिंबाखाली बसून हे सर्व पाहत असत. एका गावात एका म्हातारीने घागर टेकवता टेकवता म्हटले, "घ्या अप्पा, पाजा तुमच्या गाडीला. आमची लेकरं काय, उद्या पितील." साहेबांनी मान खाली घातली. त्या आठवड्यात त्या गावी टँकर सुरू झाला.

असे दोनतीन ठिकाणी घडल्यावर तालुक्यात बोलवा पसरली की अप्पांची गाडी जिथे बसते तिथे टँकर येतो. बाया तिच्या नाकावर हळदकुंकू वाहू लागल्या. कंधारच्या बाजूच्या कोणा पाहुण्याने तर, आमच्याकडेही गाडी बंद पाडायला याल का, अशी विचारणा पाठवली. अप्पा यावर खिन्न होत. "गुरुजी," ते मला म्हणाले होते, "ती खराब हाय म्हणून थांबती. लोक म्हणतेत ती पुण्यवान हाय. हे बी खोटंच की."

आमच्या खडकवाडीची स्थिती त्या वैशाखात फार वाईट होती. कागदोपत्री गावात एक सार्वजनिक विहीर होती, म्हणून पाहणीच्या गावांत आमचे नाव नव्हते. विहीर होती हे खरे. तिच्यात पाणी नव्हते हेही तितकेच खरे. आमचे सरपंच एका सकाळी मला सोबत घेऊन अप्पांकडे गेले. सरपंच मोकळ्या तोंडाचे गृहस्थ. ओट्यावर बसताच त्यांनी विषय काढला.

"अप्पा, परवा साहेब आमच्या रस्त्यानं चाललेत. आमच्या वेशीत तेवढी बंद पाडा."

"मी कोण पाडणारा?" अप्पा म्हणाले. "तिचं ती पडती."

"पडती खरी, पर आता कशी पडंल? तुम्ही दुरुस्त केली म्हणं."

ते खरे होते. वारंवारच्या खोळंब्याला कारकून कंटाळला होता. आणखी एकदा गाडी बंद पडली तर काम दुसऱ्याला देऊ, असे त्याने बजावले होते. म्हणून अप्पांनी लातूरच्या मिस्त्रीकडून गळतीला झाळ लावून घेतली होती. मिस्त्रीने हात पुसत सांगितले होते, "अप्पा, अब पानी नै टपकता. बाकी का अल्ला जाने."

सरपंच पुढे सरकले. "मग सकाळी पाणीच भरू नका तिच्यात."

"तहानलेलं जुंपू म्हणता?" अप्पांनी विचारले. "तुम्ही बैल असा जुंपता का?"

"बैल कुठं राहिले, अप्पा? छावणीत हायत समदे. इथं माणसं तहानली आन् तुम्ही गाडीचं बोलून राहिले."

अप्पांनी गळ्यातल्या करंडकाला बोटे लावली. मग म्हणाले, "सरपंच, माझ्याकडं दुकानात उधारीची पाटी न्हाई, देवाचा फोटू न्हाई, फक्त जबान हाय. खोटं सांगून बंद पाडायचं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. दुसरं काई जमलं तर बगतो." सरपंच उठले. रस्त्याला लागल्यावर ते मला म्हणाले, "वाण्याचं इमान! पाणी मागितलं तर सत्य पाजलं."

ठरल्या दिवशी खडकवाडीच्या पुढच्या एका गावी जाण्यासाठी मी औशाच्या बसथांब्यावर उभा होतो आणि बस आली नव्हती. अप्पांनी मला पाहिले, साहेबांची परवानगी घेतली आणि मोटार थांबवली. साहेब बाहेरून आलेले, तरुण आणि सौजन्यशील होते. मागे ते आणि कारकून, पुढे अप्पांच्या शेजारी मी. औशातूनच निघालेली मोटार अजून गार होती. ती बंद करून मलाही अर्थातच आधी दोष ऐकवण्यात आले, मात्र पाण्याचे वाक्य त्यातून काढलेले होते.

मोटार त्या दिवशी अशी धावली की जणू तिला नवा जन्म मिळाला होता. एकही चढ तिने नाकारला नाही. अप्पांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना. खडकवाडीची वेस आली. विहिरीच्या काठावर रिकाम्या घागरींची रांग होती आणि मोटारीच्या वाटेकडे डोळे लावून माणसे उभी होती. मोटार त्यांच्यासमोरून गेली. कोणी ओरडले नाही, कोणी हात केला नाही. सरपंचांनी फक्त तोंड फिरवले.

वेस ओलांडून थोडे पुढे गेल्यावर अप्पांनी मोटार कडेला घेतली. तिच्या गर्जनेत बोलणे ऐकू येत नसे, म्हणून त्यांनी किल्ली फिरवून ती बंद केली. मग ते उतरले आणि साहेबांच्या खिडकीशी जाऊन त्यांनी हात जोडले.

"परत बसली का, अप्पा?" साहेबांनी विचारले.

"न्हाई साहेब. गाडीला काई झालं न्हाई. मी थांबवली. या गावाची विहीर कागदावर हाय, पाणी न्हाई. गावानं मला गाडी बंद पाडा म्हणलं होतं. मी न्हाई म्हणलो. पर तुम्हाला सांगायला मला कुणी मनाई केली नव्हती. एकदा उतरून बगा."

कारकून खवळला. "गाडी कुठं थांबवायची ते साहेब ठरवतात. पुढं बैठक हाय, मालूम हाय ना?"

"हाव. म्हणून तर इचारून राहिलो. बगता, का चालू करू?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. त्यांच्या मनाची ओढाताण मला आरशात दिसत होती. "परतताना पाहू," ते अखेर म्हणाले. "चालू करा."

"बरं," अप्पा म्हणाले. ते जागेवर येऊन बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. मोटार खोकली आणि गप्प झाली. त्यांनी पुन्हा फिरवली. मग खाली उतरून समोरून लोखंडी हँडल घातला आणि सदरा घामाने भिजेपर्यंत फिरवला. मोटार नुसती डोलत राहिली.

कारकून हसला. "वा अप्पा! आधी हात जोडायचे, न्हाई जमलं तर नाटक करायचं."

अप्पांचे हात हँडलवरच थांबले. त्यांनी करंडक मुठीत धरला. "लिंगाची आन, साहेब. मी काई केलं न्हाई."

ज्या दृष्टीने साहेबांनी अप्पांकडे पाहिले ती दृष्टी विश्वासाची नव्हती. दुसरा उपाय नसल्याने ते चालत मागे आले. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिले, खडा टाकला, त्याचा कोरडा आवाज ऐकला. मोटार निवून सुरू होईपर्यंत ते आमच्या गावातच होते. टँकर त्या आठवड्यात आला आणि पावसाळ्यापर्यंत येत राहिला.

अप्पांचे सरकारी काम पुढच्याच महिन्यात गेले. त्याचे त्यांना दुःख झाले नाही. दुःख झाले ते खडकवाडीने केलेल्या सत्काराचे. सरपंच हार घेऊन औशाला गेले आणि भर दुकानात म्हणाले, "मानलं अप्पा! आधी सोवळं दाखवलं आन् वेळेवर बरोबर कळ फिरवली." अप्पांनी हार गळ्यात घालू दिला नाही. "मी केलं न्हाई," ते म्हणाले. लोक हसले. मीही तेथे होतो. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तर बाजूला बसले होते. सांगा की यांना." मी सांगितले. सरपंच म्हणाले, "गुरुजी बी अप्पाच्याच पंगतीतले!"

त्या दिवसापासून अप्पांच्या पाठात एक वाक्य वाढले. "आन् गरम असताना बंद केली, तर निवेपर्यंत चालू होत न्हाई." मोटार पुढे बरीच वर्षे त्यांच्याकडे होती. शेवटी शेवटी ती हलतच नसे. तरी अंगणात कोणी तिच्याजवळ गेले की अप्पा ओट्यावरून सांगू लागत.

ते गेले तेव्हा त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, विभूती लावून नेण्यात आले. खडकवाडीहून पुष्कळ माणसे आली होती. समाधीवर माती पडल्यावर सरपंच, आता काठी टेकत, दोन शब्द बोलण्यास उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, "हा माणूस जन्मात एकदाच खोटं बोलला, आन् ते बी आमच्या लेकराबाळांच्या पाण्यासाठी." सर्वांनी माना डोलावल्या. त्या स्तुतीत खोटा भाव नव्हता. अप्पा ऐकत असते तर मात्र उठून दुरुस्ती सांगितल्यावाचून राहिले नसते.

म्हणून ती मी येथे सांगतो. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो आणि त्यांचे दोन्ही हात मला दिसत होते. एरवी ती मोटार तापली की स्वतःच बंद पडे. तापलेली असताना तिला बंद करून लगेच सुरू करण्याची वेळ त्यापूर्वी कोणावर आलीच नव्हती. तो दोष अप्पांना ठाऊक असता तर त्यांनी त्या सकाळी, मला आत बसवण्यापूर्वी, हात जोडून सांगितला असता. त्यांनी तो सांगितला नव्हता. डाव्या बाजूचे दार आतून उघडत नाही, काच वर येत नाही, चढावर उतरावे लागेल, एवढेच त्यांनी सांगितले होते.