भागीरथीचं लुगडं

"हात बघू."

शेवंताबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिले शब्द. मी कर्जतच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, जन्मभर पोरांचे हात तपासलेला. मुकाट्याने तळवे पुढे केले. त्यांनी अंगठी काढायला लावली, साबणाने हात धुवायला लावले आणि मगच खालापूरच्या त्या बंगल्यातल्या कपड्यांच्या खोलीत येऊ दिलं. "खडा जरीत अडकला की धागा गेला. तुमी दुसरी अंगठी घ्याल, मी तो धागा कुठनं आणू?"

बंगला एका भातगिरणीवाल्या घराण्याचा. मालकीण अरुंधतीबाईंनी घरातले जुने शालू, पगड्या, अंगरखे मांडून त्याचं संग्रहालय करायचं ठरवलं. पाट्या लिहायला मला बोलावलं आणि कपडे सांभाळायला शेवंताबाईंना. त्या गावातल्या शिलाईवाल्या. शिक्षण चौथी, पण कापडाच्या बाबतीत कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. एकदा अरुंधतीबाईंच्या सुनेने फोटोपुरता आजेसासूंचा शालू नेसायचा हट्ट धरला. शेवंताबाई कपाटाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "हितं आलेलं कापड कुणी नेसायचं नाय. मालकिणीनंसुद्धा नाय." सून फणकारत निघून गेली.

संग्रहात एकच कापड बंगल्याबाहेरचं होतं. शेवंताबाईंच्या आईचं, भागीरथीचं, ठिगळाठिगळांचं हिरवं सुती लुगडं. भागीरथीने आयुष्यभर बंगल्याच्या खाचरांत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, केलेली. शेवंताबाईंनी ते आपणहून आणून दिलं आणि कपडे मांडायच्या पुतळ्याला गुडघ्याच्या वर कासोटा खोचून नेसवलं.

"जरा खाली घ्या ना. पाहुणे येणार," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"चिखलात कोण घोट्यापर्यंत नेसतं, वैनी?"

तेवढं खपलं. अडलं ते पाटीवर. शालूच्या पाटीवर अरुंधतीबाईंच्या सासूचं पूर्ण नाव होतं. लुगड्यासाठी त्यांनी मला सांगितलं, 'शेतकरी स्त्रीचा पोशाख' असं लिहा. मी लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. शेवंताबाईंनी एकेक अक्षर लावून पाटी वाचली.

"मास्तर, माझ्या आईला नाव व्हतं."

"असं सगळ्यांचं नाव देत बसलो तर कसं होणार?" अरुंधतीबाई म्हणाल्या. शेवंताबाईंनी पाटी पालथी ठेवली आणि पुतळ्याचा कासोटा सारखा केला. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी पाहुण्यांना घेऊन आम्ही खोलीत शिरलो, तर पुतळा कोपऱ्यात उघडाबोडका. त्याच्या जागी शेवंताबाई उभ्या. अनवाणी, आईचं लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. अरुंधतीबाईंचा चेहरा उतरला. "अहो, इथलं कापड नेसायचं नाही, हे तुमचंच म्हणणं ना?"

"बिननावाचं ठेवलंत, मंग ते हितलं कसं? माझ्या आईचं हाय. मी नेसले."

आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "ही भागीरथी. तुमी गाडीतनं आलात ना, त्या रस्त्याच्या दोनी अंगाला हिनं भात लावला. ते शालू त्या भातावर आले."

दिवसभर तशाच उभ्या. खुर्ची दिली, नको म्हणाल्या. पाहुणे शालू पाहून पुढे जात आणि त्यांच्यापाशी थांबत. संध्याकाळी अरुंधतीबाई माझ्याजवळ आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "लिहा नाव."

मी पितळेची पाटी करून आणली: 'भागीरथी. या बंगल्याच्या शेतात आवणी करणारी.' मी गोंदाची बाटली काढली तशा शेवंताबाई खेकसल्या. "गोंद नको. स्क्रू पायजेत." आम्हाला चहाला पिटाळून त्यांनी ती भिंतीवर स्वतः बसवली.

मागच्या वर्षी त्या गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः हात धुताना. यंदा कारभार सुनेकडे आला. सगळ्या पाट्या बदलून एकसारख्या करायच्या, लुगड्याला 'ग्रामीण वेशभूषा' एवढंच पुरे, असं तिने ठरवलं. शेलू गावचा कारागीर भराभर पाट्या उतरवत आला आणि लुगड्यापाशी अडला. मला हाक मारली. जवळ जाऊन पाहिलं. चारही स्क्रूंची डोकी शेवंताबाईंनी कानशीने घासून गुळगुळीत केली होती. स्क्रूड्रायव्हर टेकवायला खाचच ठेवली नव्हती.

"भिंत फोडावी लागंल," कारागीर म्हणाला.

सून म्हणाली, "मग फोडा."

मी अंगठी काढून खिशात टाकली आणि पाटीला पाठ लावून उभा राहिलो.