मुमताजआपाचा सत्कार

मुमताजआपा चपला हातात घालायची. रबरी, निळ्या पट्ट्याच्या, पुरुषी मापाच्या. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीच्या आमच्या कॉलेजच्या जिन्यात, पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात. ती चढणीकडे पाठ करून पायरीवर बसली होती. दोन्ही तळवे वरच्या पायरीवर टेकवायचे, अंग उचलायचं, बसायचं, मग काडीसारखे झालेले पाय हाताने वर ओढून घ्यायचे. मला वाटलं, बाई पडलीय. मी धावत जाऊन तिच्या काखेत हात घातला.

"सोड," ती म्हणाली. "तू धरलंस की माझा तोल तुझ्याकडं जातो. मग दोघी बी खाली."

मी हात काढला आणि तिथेच उभी राहिले. पुढे जावं की तिच्यामागे थांबावं, ते कळेना. ती दोन पायऱ्या चढली आणि म्हणाली, "थांबायचं आसंल तर बोलत थांब. नुसतं बघू नको."

अशी आमची ओळख झाली. आपा इंदापूरची. तीन वर्षांची असताना पोलिओ झालेला. भावाच्या शिलाईच्या दुकानात ती ब्लाऊज शिवायची. मशीन हाताने फिरवायची. बारावी बाहेरून केली आणि सत्ताविसाव्या वर्षी आमच्या वर्गात आली. आम्ही सगळे अठराचे, म्हणून प्राध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे तिला आपाच म्हणायचे. मी कऱ्हाटीची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे तिथल्या प्रत्येक माणसाची मला भीती वाटायची, आपा सोडून.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. चव्वेचाळीस पायऱ्या. कुबड्या ती खाली शिपायाकडे ठेवायची आणि वर्ग भरायच्या अर्धा तास आधी चढायला लागायची. एकदा वर आली की कॉलेज सुटून जिना रिकामा होईपर्यंत उतरायची नाही. बाथरूम तळमजल्यावर होतं, म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसे. मे महिन्यासारखं ऊन असलं तरी नाही. मी एकदा बाटली पुढे केली तर म्हणाली, "इंदापुरात प्यालीय. आता इंदापुरातच."

पहिल्या मजल्याच्या वळणावर पाण्याची टाकी होती. तिचा नळ गळायचा. तिथल्या तीन पायऱ्या बारमाही ओल्या आणि शेवाळलेल्या असत, आणि नेमका तिथेच कठडा तुटलेला होता. तिथे आली की आपा बोलणं थांबवायची. एकदा ते वळण ओलांडून झाल्यावर ती म्हणाली, "हितं कुनीतरी जानार, सुनंदा. मीच आसंन आसं न्हाय. पन कुनीतरी जानार."

मी म्हटलं, "असं अभद्र कशाला बोलतेस?"

"मी बोलल्यानं व्हत न्हाय गं. नळ गळल्यानं व्हतं."

तिच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक झेरॉक्स असायची. अपंगांचा नवा कायदा. येऊन दोनच वर्षं झाली होती. पुण्यातल्या कुठल्याशा मेळाव्यात तिला ती मिळाली होती. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की ती त्यातलं मला वाचून दाखवायची. पेन्सिलने खुणा केलेल्या. शाळा-कॉलेजांच्या इमारतींतले अडथळे दूर करायचे, असं एका कलमात होतं. "बघ," ती म्हणायची, "सगळी म्हनत्यात माझ्यात खोट हाय. हितं वाचलं तर इमारतीचंच काम अर्धवट राह्यलंय."

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने अर्ज दिला. आमचा वर्ग तळमजल्यावर आणावा, एवढीच मागणी. मी तिच्याबरोबर प्राचार्यांच्या खोलीत गेले होते. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाले, "कायदे होतात हो. ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजांसाठी. आपण ग्रामीण भागातले."

"सर, त्यात जम्मू-काश्मीर तेवढं वगळलंय," आपा म्हणाली. "बारामती वगळलेली न्हाय."

प्राचार्य हसले. मलाही हसू आलं. पण ते हसून झाल्यावर म्हणाले, "संस्थेची ऐपत असेल तेवढंच करायचं, असंही त्यातच लिहिलं आहे. लिफ्ट आम्ही कुठून आणणार?"

"लिफ्ट कुनी मागितलीय, सर? वर्ग मागितलाय."

खालच्या खोलीला पत्रा होता. मुलांना उकडेल, मुलं तक्रार करतील, असं त्यांचं म्हणणं. वर्गाची हरकत नाही अशा सह्या आणा, मग बघू.

आपाने कागद तयार केला. पहिल्यांदा माझ्याकडे आणला. माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याच ऑफिसात पडून होता. प्राचार्यांच्या सहीवाचून तो पुढे जाणार नव्हता. मी पेन हातात घेतलं आणि म्हटलं, "आबांना इचारते आन उद्या करते."

"इचार की," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी सही नाही केली हे बघून बाकीच्यांनीही केली नाही. मी तिची मैत्रीण होते, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

त्यानंतर माझं मन मला खाऊ लागलं. आपासाठी काहीतरी करायलाच हवं होतं, पण कुणाला न दुखावता. स्नेहसंमेलनाच्या बैठकीत मी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभी राहिले आणि म्हणाले, मुमताजआपाचा जिद्दीबद्दल सत्कार करावा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी माझी पाठ थोपटली. मानपत्र मीच लिहिलं. "रोज चव्वेचाळीस पायऱ्या चढून ज्ञानमंदिरात येणारी ही सावित्रीची लेक" असं त्यात एक वाक्य होतं, आणि ते मला फार आवडलं होतं.

आपाला सांगायला मी उड्या मारत गेले. तिने आधी एवढंच विचारलं,

"सत्कार कुठं हाय?"

"वरच्या हॉलमध्ये."

"दुसऱ्या मजल्याच्या बी वर?"

"एकच मजला, आपा. एक दिवस."

"शाल-नारळ घ्यायला हात लागत्यात गं. माझं हात पायाच्या कामाला हायत." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "बरं, येते. माइक देतील ना? अर्जाचं चारचौघांत बोलते."

ती आली. नवा हिरवा सलवार-कमीज, तिनेच शिवलेला. पाहुण्यांनी शाल घातली, नारळ दिला. मी मानपत्र वाचलं. मग ती बोलायला लागली तेव्हा सूत्रसंचालकाने वेळ कमी असल्याचं सांगितलं. ती एकच वाक्य बोलू शकली, "मला शाल नगं, वर्ग खाली आना." लोकांना तो विनोद वाटला. मोठ्ठ्या टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपला. आपा नेहमीसारखी मागे थांबली होती. जिना रिकामा होऊ दे, म्हणाली. पण फोटोग्राफरला पाहुणे असेपर्यंत फोटो हवा होता, ती पायऱ्या उतरतानाचा. "आपा, चला की, साहेब खाली खोळंबलेत," असं तीन-चारजण म्हणाले. त्यांतली एक मी होते. ती निघाली. शाल खांद्यावर, नारळ मांडीत. पहिल्या मजल्याच्या वळणाशी फोटोग्राफर खालून ओरडला, "आपा, नारळ हातात दिसू द्या! हसा!"

तिने उजव्या हातातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि नारळ उचलला.

आधी नारळ गेला. पायऱ्यांवर टणटण वाजत गेला, आणि कुणीतरी हसलं. मी वर चार पायऱ्यांवर होते. तिचा डावा हात शेवाळावरून सरकताना मला दिसला. ती ओरडली नाही. तुटक्या कठड्यातून शालीसकट खाली गेली. मग फक्त नळाचा आवाज येत होता.

खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेलं, तरी ते नीट बसलं नाही. कॉलेजने सूचनाफलकावर "दुर्दैवी अपघात" असं लिहून लवकर बरं होण्याच्या शुभेच्छा दिल्या. अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. ती दोन महिने जगली. त्या दोन महिन्यांत इंदापूरला जायचं धाडस मला एकदाच झालं.

दुकानाच्या मागच्या खोलीत ती पालथी झोपली होती. भावाने मला स्टूल दिलं आणि तो बाहेर गेला. मी माफी मागायला सुरुवात केली.

"रडू नगं, वेळ जातो," आपा म्हणाली. "पुण्याला अपंगांच्या आयुक्ताकडं तक्रार धाडायची हाय. साक्षीदार लागतो. कागद आनलाय का?"

माझ्या पिशवीत वही होती. मी ती काढली.

"वर्ग खाली आला म्हनं."

"आला."

"कवा?"

"तू पडलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी."

"पोरांना उकडतं का?"

"न्हाय. पंखा हाय तितं."

श्वास घेताना तिला त्रास होत होता.

"बाकं उतरवायला किती वेळ लागला?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी सांगितलं, "मधल्या सुट्टीत झालं. सुट्टी संपायच्या आत."

आपाने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मी वही मिटायला लागले.

"मिटू नगं," ती म्हणाली. "तेवढंच लिही. मी लई गुनाची, जिद्दीची, आसलं काय बी लिहू नगं. मधल्या सुट्टीत झालं, एवढंच लिही, आन खाली तुझं नाव."